दिवाळीनंतर आठवडाभर महाबळेश्वर-पाचगणी, सोबत आई-बाबा आणि मुलं: कसं आखावं?

सायली_नाशिक
नमस्कार मंडळी.
भाऊबीज झाली की घरातले सगळे मिळून आठवडाभर महाबळेश्वर-पाचगणीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं (लेक १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा), सासू-सासरे, माझी आई, नणंद आणि तिचे यजमान. बाबांच्या (सासरे) दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर छान चालतात, पायऱ्या मात्र जपून. आईला घाट लागतो.

नणंद जानेवारीत कॅनडाला जातेय, कायमची. त्यामुळे असा सगळ्यांचा एकत्र आठवडा पुन्हा कधी जमेल माहीत नाही. मला धावपळ नकोय. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "महाबळेश्वरला आठवडा? दोन दिवसांत सगळं बघून होतं."

तर प्रश्न असे: आठवडा खरंच जास्त होतो का? मुक्काम एकाच ठिकाणी करावा की दोन-तीन ठिकाणी? हॉटेल बरं की बंगला? आणि बाबांना कुठे कुठे नेता येईल? नाशिकहून टेम्पो ट्रॅव्हलर करून जाणार आहोत.

अनिरुद्ध_कोथरूड
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. दोन रात्री पुरे. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात, कारण सगळे पॉइंट सारखेच: रेलिंग, दरी, माकडं आणि मक्याचं कणीस. त्यापेक्षा दोन रात्री महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा आणि उरलेले दिवस दापोली किंवा गुहागरला समुद्रावर काढा. मुलं खूश, आणि बाबांना वाळूत निवांत बसता येईल.

मृण्मयी
अनिरुद्ध, एका दिवसात टॅक्सीने बारा पॉइंट केले तर सारखेच वाटणार. केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं, ती पूर्वेची बाजू. आर्थर सीटवर उभं राहिलं की खाली सावित्रीची दरी आणि पलीकडे कोकण. एकीकडचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, दुसरीकडचं अरबी समुद्राला. माझ्या भाच्याला हे नकाशा उघडून दाखवलं, तर तो पुढचे सगळे दिवस प्रत्येक ओढ्यापाशी "हा कुठल्या समुद्राला जातो?" म्हणून विचारत होता.

सायली, आठवडा अजिबात जास्त नाही. फक्त दिवसाला एकच ठिकाण ठेव. सकाळी बाहेर, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी जवळच पाय मोकळे.

वाईकर_काका
नाशिकहून येताय म्हणजे प्रवास ३२५-३३० किलोमीटरचा. चाकणला किती वेळ जाईल ते देवच जाणे. एवढं बसून आल्यावर आईंना त्याच दिवशी पसरणी घाट चढवू नका. पहिली रात्र वाईत काढा. खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, लगेच वाई.

संध्याकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या. रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, अगदी कृष्णेच्या काठावर. मुलांना देवळाच्या मागे जरूर न्या. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथल्या छोट्या देवळातली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली. मग नाश्ता करून आरामात घाट चढा. अकराच्या सुमाराला पाचगणीत.

शलाका_जी
काकांशी सहमत. घाट लागणाऱ्या माणसाला सकाळी, ताजं असताना नेणं फार महत्त्वाचं. आईंना ड्रायव्हरशेजारी पुढे बसवा, नजर समोर रस्त्यावर. मोबाइल बघायचा नाही, मागे वळून गप्पा मारायच्या नाहीत. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको.

बाबू_बदलापूर
आवळा सुपारी!!

गौरी_ताम्हनकर
आवळा सुपारीने आमच्याकडे कुणाला काही फरक पडला नाही. आल्याची वडी.

बाबू_बदलापूर
आल्याची वडी घाट सुरू व्हायच्या आधी संपते, हा आमच्या घरातला अनुभव.

डॉ_नेहा_एस
आवळा, आलं, लिंबू, काय चघळायचं ते चघळा, पण आईंचं वय आणि त्यांच्या इतर गोळ्या बघून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारा. प्रवासात लागण्यावरची गोळी घाट सुरू व्हायच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा उतरताना त्यांचा हात धरा. शिवाय सगळ्यांच्या रोजच्या औषधांचा आठवड्यापेक्षा दोन दिवस जास्तीचा साठा जवळ असू दे. पाचगणीत बेल एअर हॉस्पिटल आहे, महाबळेश्वरला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या तपासण्यांसाठी मात्र साताऱ्याला उतरावं लागतं.

घाटवाट
मुक्कामाबद्दल. चार रात्री पाचगणी, दोन रात्री महाबळेश्वर, असं सुचवेन. अंतर २० किलोमीटरच्या आसपास, पण सुट्टीच्या शनिवार-रविवारी वेण्णा लेकपाशी गाड्या तुंबल्या की हेच अंतर तास-दीड तास खातं. पाचगणी थोडी कमी उंचीवर (महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर, पाचगणी १,३०० च्या आतबाहेर) आणि तिथे पाऊस खूपच कमी, त्यामुळे हवा कोरडी. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. दिवाळीनंतर महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत भिंतींना ओल असते, गाद्यांना वास येतो. सांधे दुखणाऱ्या माणसांना ते बाधतं.

मृण्मयी
मला एकच मुक्काम बरा वाटतो. नऊ जणांच्या बॅगा पुन्हा भरायच्या, पुन्हा उतरवायच्या, कुणाचा तरी चार्जर मागे राहणार. त्यात अर्धा दिवस जातो.

घाटवाट
नऊ जणांना रोज वेण्णा लेकच्या गर्दीतून ये-जा करायला लावण्यात त्याहून जास्त वेळ जातो. आर्थर सीट, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड, तापोळा ही सगळी पलीकडच्या बाजूला आहेत. माझं मत कायम.

सायली_नाशिक
किती छान माहिती! ओलीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मृण्मयी, नद्यांची कल्पना लेकीला नक्की आवडेल, तिला यंदा भूगोलाची गोडी लागली आहे. बंगल्याचं काय करू? यजमान म्हणताहेत बंगला घेऊ, सगळ्यांना एकत्र बसता येईल, स्वयंपाकघरही मिळेल.

रश्मी_के
स्वयंपाकघर मिळेल, म्हणजे स्वयंपाक कोण करणार? हे आधी ठरवा. आमच्या कुटुंबाच्या सहलीत बंगला घेतला होता आणि मी, जाऊ आणि सासूबाई सकाळी पोह्यांपाशी आणि रात्री खिचडीपाशी. बाकीचे व्हरांड्यात पत्ते खेळत होते. सुट्टी सगळ्यांची असते. बंगला घ्याच, पण गावातली स्वयंपाकीण ठरवून. केअरटेकरला आधी फोन केला की बहुतेक ठिकाणी सोय होते. सकाळचा चहा आणि मुलांचं दूध एवढंच आपल्याकडे ठेवा.

सुनंदा_देव
रश्मी, तुला शंभर वेळा अनुमोदन. माझ्या पिढीने सगळ्या सहली स्टोव्ह आणि डबे घेऊन केल्या. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आम्ही बघितलं काय, तर तिथलं स्वयंपाकघर.

अनिरुद्ध_कोथरूड
हे पटलं. आमच्याकडे ज्याने बंगला सुचवला त्यानेच भांडी घासायची असा नियम आहे, त्यामुळे बंगला कुणी सुचवत नाही.

टूर_ऑपरेटर_नव्हे
बंगला बघताना तीन गोष्टी फोनवर विचारा आणि व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. खोल्या तळमजल्यावर किती? संडास कमोडचा आहे का? ड्रायव्हरच्या झोपण्या-अंघोळीची सोय आहे का? शेवटचा प्रश्न फार लोक विसरतात. घाटात रोज नऊ जणांना घेऊन फिरणारा माणूस रात्री नोव्हेंबरच्या थंडीत गाडीतच झोपला, तर त्याच्याकडून सकाळी कसली अपेक्षा ठेवायची? ट्रॅव्हलर ठरवतानाच त्याच्या खोलीचे पैसे धरा.

वाईकर_काका
फार योग्य बोललात. त्याच्या जेवणाचंही बघा. रोज आपल्याबरोबर बोलवावं, त्याला नको असेल तर पैसे द्यावेत.

भिलारची_शेती
मी भिलारचा. आमच्याकडे स्ट्रॉबेरी आहे म्हणून लिहितोय. दिवाळीनंतर लगेच याल तर स्ट्रॉबेरी भरपूर मिळेल अशी मुलांची समजूत करून आणू नका. रोपं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात, गादीवाफ्यावर प्लास्टिक अंथरलेलं, खालून ठिबक. नोव्हेंबरात फुलं आणि हिरवी फळं दिसतात. पहिली तोडणी महिनाअखेरीकडे, पाऊस लांबला तर आणखी मागे. खरा बहर डिसेंबर ते मार्च. सुरुवातीचा माल थोडा आणि महाग असतो. रस्त्यावर तेव्हा पेट्या दिसल्या तर वरचा थर बघून घेऊ नका, खालचं फळ बघा.

पण मुलांना शेत जरूर दाखवा. विचारून आत या, वाफ्यावर पाय देऊ नका, एवढंच. फूल गळून त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं फळ कसं धरतं, ते याच दिवसांत बघायला मिळतं. बहरात सगळे फक्त लाल फळं बघतात.

आणि भिलार म्हणजे नुसती स्ट्रॉबेरी नाही. ४ मे २०१७ पासून आमचं गाव पुस्तकांचं गाव आहे, देशातलं पहिलं. घराघरांत कपाटं आहेत. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कथा-कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य, कुठे कविता. बाहेर पाटी असते, आत जायचं, पुस्तक घ्यायचं, ओसरीवर बसून वाचायचं. पैसे नाहीत. तुमच्या बाबांना इथे अख्खी सकाळ बसवा. चढ-उतार न करता बाजूबाजूची दोन-चार घरं होतात.

सायली_नाशिक
दादा, मनापासून आभार. बाबा निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत! हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "मला तिथेच सोडा आणि तुम्ही पॉइंट बघून या."

पराग_चिंचवड
दिवाळीनंतर जाताय तर कासला पण जाऊन या ना, फुलांचं पठार. जागतिक वारसा आहे.

घाटवाट
परागजी, कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. नोव्हेंबरात पठार पिवळं पडायला लागलेलं असतं. फुलांसाठी कास यंदा सोडा.

त्याऐवजी तापोळा. पावसाळ्यानंतर शिवसागर जलाशय भरलेला असतो, कोयनेचं पाणी पार डोंगराच्या पायथ्याला लागलेलं. मे महिन्यात तेच पाणी खूप खाली जातं आणि बोटीपर्यंत सुकलेल्या गाळातून चालावं लागतं. म्हणजे तापोळ्यासाठी तुमची वेळ अगदी योग्य आहे. महाबळेश्वरहून २५-३० किलोमीटर, रस्ता वळणांचा, आईंची गोळी लक्षात ठेवा. त्रिवेणी संगमापर्यंत बोटीने जाऊन यायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, ६ वर्षांच्या मुलाच्या मापाचं नसेल तर दुसरी बोट बघायची. तिथल्या घरगुती खाणावळीत आधी सांगून ठेवलं की भाकरी-पिठलं गरम मिळतं.

शलाका_जी
बाबांसाठी ठिकाणं, कारण तो मूळ प्रश्न मागेच राहिला.

पाचगणीचं टेबल लँड सगळ्यात उत्तम. गाडी वरपर्यंत जाते आणि वर सगळी सपाटी. डोंगराच्या डोक्यावर जांभ्याचा कठीण थर आहे, आजूबाजूची माती-दगड झिजले तरी तो टिकला, म्हणून एवढं मोठं पठार उरलं. सकाळी सातच्या आसपास जा. नंतर घोडे आणि घोडागाड्या सुरू होतात, धूळ उडते. पारसी पॉइंट रस्त्यालगतच आहे, गाडीतून उतरलं की कृष्णेचं खोरं समोर. बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त बघायला फार चालावं लागत नाही, फक्त जागा मिळवायला तासभर आधी जा. वेण्णा लेकवर बोटीत चढताना-उतरताना दोघांनी हात द्या.

लिंगमळ्याला त्यांना नेऊ नका. धबधबा तेव्हा वाहता असतो आणि सुंदर दिसतो, पण उतरून गेलं की तेवढंच चढून यावं लागतं. तो तरुण मंडळींनी मुलांना घेऊन करावा.

पराग_चिंचवड
प्रतापगड तर त्यांना जमणारच नाही. खाली हस्तकलेची दुकानं आहेत, तिथे बसवा.

श्रीपाद_७६
परागराव, मी ७६ वर्षांचा. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. असं "खाली बसवा" कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. प्रतापगड मी चढलो आहे. काठी घेऊन, थांबत थांबत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. भवानीमातेच्या देवळापर्यंत गेलो, बालेकिल्ल्यावर मात्र गेलो नाही. मला हे जमेल का, हे घरच्यांनी मला विचारलं, आपसात ठरवून टाकलं नाही.

सायलीताई, तुमच्या बाबांना विचारा. शिक्षक होते म्हणालात. १० नोव्हेंबर १६५९ ची, अफजलखानाच्या वधाची गोष्ट वर्गात त्यांनी कितीदा सांगितली असेल. ती जिथे घडली तिथे जाऊन नातवंडांना सांगायची त्यांची इच्छा असेल, तर दोन तास जास्त लागले म्हणून काय बिघडलं? सकाळी लवकर पोहोचा, ऊन चढायच्या आत. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, तेव्हा पट्टा बांधून ठेवा आणि पुढे एक माणूस, मागे एक माणूस.

डॉ_नेहा_एस
काकांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे. शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलं असेल आणि रोज चालायची सवय असेल, तर सर्जनला विचारून सावकाश चढायला हरकत नसते. आतापासून रोज घरातल्या जिन्याच्या थोड्या पायऱ्या वाढवत न्या.

पराग_चिंचवड
श्रीपादकाका, मुद्दा पटला. धन्यवाद.

मृण्मयी
प्रतापगडाच्या दिवशी वेळ उरला तर पायथ्याजवळच्या पार गावात जा. शिवकालीन दगडी पूल आहे, अजून वापरात. रामवरदायिनीचं देऊळ आहे. तिथे गर्दी जवळजवळ नसतेच.

आणि क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिराशी थांबून परत फिरू नका. तिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं, म्हणून सगळी रांग तिथेच. थोडं पुढे चालत गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ लागतं. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते, खांबांवर शेवाळ, आणि ओट्यावर उभं राहिलं की पूर्ण खोरं खाली. दगड निसरडे आहेत, चपला पकड असलेल्या घाला.

अनिरुद्ध_कोथरूड
एवढं वाचून "दोन रात्री पुरे" हे मी मागे घेत नाही, पण नऊ जणांच्या या कुटुंबाला ते लागू नाही एवढं मान्य. लेक १३ ची आहे, तिच्यासाठी काय? मोठ्या माणसांच्या गतीने आठवडाभर चालायला लावलंत तर ती हेडफोन घालून बसेल.

गौरी_ताम्हनकर
माझी मुलगी १४ ची. तिला मी रोज एका कामाची जबाबदारी दिली: उद्या कुठे जायचं, किती वाजता निघायचं, वाटेत काय खायचं, हे तिने ठरवायचं आणि ड्रायव्हरकाकांना तिनेच सांगायचं. नकाशा तिच्याकडे. हेडफोन दिसलेच नाहीत. आणि एक सकाळ आत्याबरोबर तिला एकटीला जाऊ द्या, विल्सन पॉइंटला सूर्योदयाला. आत्या जाणार आहे ना कायमची.

सायली_नाशिक
गौरी, हे वाचून डोळे भरून आले. नक्की करणार.

सगळ्यांशी बोलून असं ठरवतेय, चुकत असेल तर सांगा. पहिली रात्र वाई. मग तीन रात्री पाचगणी: एक सकाळ टेबल लँड, एक पूर्ण दिवस भिलार, एक दिवस काहीच नाही, नुसतं घरी. मग दोन रात्री महाबळेश्वर: क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट एका दिवशी, तापोळा दुसऱ्या दिवशी. तिथून निघताना प्रतापगड करून परत वाईत मुक्काम, आणि शेवटच्या दिवशी नाशिक. बाबांना विचारलं. म्हणाले, गड चढणार. आजपासून जिना सुरू केलाय.

घाटवाट
आराखडा उत्तम, फक्त प्रतापगड निघायच्या दिवशी ठेवू नका. बाबांना घाई होईल, पुन्हा महाबळेश्वरला येऊन पूर्ण घाट उतरायचा आहे. पाचगणीची एक रात्र कमी करून महाबळेश्वरच्या तीन करा, प्रतापगडाला अख्खा दिवस द्या. निघायच्या दिवशी सकाळी बाजार: चणे, चिक्की, चपला, मध, काय घ्यायचं ते.

भिलारची_शेती
आणि भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी निघू नका. पाडव्यापासून पुढच्या रविवारपर्यंत इथे गाडी लावायला जागा नसते, खोल्यांचे दर दुप्पट. त्यानंतरच्या सोमवारी वाईहून वर या. शाळांना सुट्टी असतेच, आणि मधला शनिवार-रविवार पाचगणीत नाही तर महाबळेश्वरच्या बंगल्यावर बसून काढायचा, रस्त्यावर यायचं नाही. भिलारला मंगळवारी किंवा बुधवारी या, बाबांना निवांत बसता येईल.

सायली_नाशिक
मग सोमवारी वाई सोडायची आणि रविवारी परत, म्हणजे शनिवारी बाहेर पडायचं नाही. शुक्रवारी प्रतापगड. आज रात्रीच बंगल्यांना फोन लावते. तळमजला, कमोड, ड्रायव्हरची खोली, स्वयंपाकीण, चारही विचारते.

रश्मी_के
आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत, तेही विचार. नऊ जण आहात.